सोडायचा मासा

"डावीकडे घे, हिल्डा."

"डावीकडे काय आहे?"

"रस्ता."

"मला तर काहीच दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे नाहीच, असं थोडंच आहे? घे डावीकडे."

हिल्डाने गाडी डावीकडे घेतली. डांबर संपल्याचं आधी चाकांना कळलं, मग तिला. टायरखाली खडी करकरू लागली. जानेवारीतल्या सकाळी अल ऐनच्या बाजूला वाळवंटात असं धुकं उतरतं, की दिवे लावावेत तर दिव्यांचाच पांढरा पडदा होतो आणि विझवावेत तर आपण आहोत की नाही अशी शंका येते. तिने काच थोडी खाली केली. थंड, ओलसर हवा आत आली. त्या हवेला ओल्या वाळूचा आणि कुठल्यातरी गुरांचा वास होता. पुढच्या वळणावर तारेच्या कुंपणापलीकडे उंटांची नुसती डोकी दिसली. पाय नाहीत, पाठी नाहीत. धुक्यावर ठेवल्यासारखी चार-पाच डोकी, रवंथ करत गाडीकडे बघणारी.

"आता सरळ," स्टॅनली म्हणाला. "घाफचं मोठं झाड येईल. तिथे पार्क कर."

तो तिच्या शेजारी बसला होता. काठ्यांची लांब पिशवी गुडघ्यांमध्ये, उजवा हात जॅकेटच्या खिशात. वीस-एक वर्षं तो हा रस्ता एकटा तुडवत आला होता. गाडी त्याच्या हातात नसण्याची ही पहिली वेळ, आणि हिल्डा सोबत असण्याचीही.

"एक लक्षात ठेव," गाडी थांबल्यावर तो म्हणाला. "इथे कुणाला काही माहीत नाही."

"मी कशाला सांगायला जाऊ?"

"तोंडाने नाही सांगणार. पण तू लगेच हात पुढे करतेस. डबा उघडायला, चेन लावायला. आज तू नर्स नाहीस."

"मग कोण आहे?"

स्टॅनली जरासा हसला. "बायको आहेस. नवऱ्याबरोबर आली आहेस. कंटाळ थोडी. बाकीच्या बायका कंटाळतात तशी."

स्टॅनली वसईच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. बापाची होडी होती, दोन भाऊ होडीवर होते आणि धाकट्या स्टॅनलीला दर्या लागायचा. किनारा दिसेनासा झाला की तो होडीच्या कडेला लोंबकळून ओकायचा. बापाने दोन हंगाम वाट पाहिली आणि मग सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "हा आपला कागदावरच चालायचा." म्हणून तो शिकला, टायपिंगला गेला, आणि ज्या समुद्राने त्याला आपला म्हटलं नाही त्याच समुद्रावरून विमानाने उडून शारजाला आला. हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपांच्या कारखान्यात डिस्पॅचला लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला.

हिल्डा वसईतल्याच गास गावची. शेतकऱ्याची मुलगी. केळी, भाजी आणि घरामागचं बावखल, म्हणजे बागेला पाणी द्यायला खणलेलं तळं. कोळीवाड्यातलं स्थळ आलं तेव्हा बाबा कुरकुरले होते. आई मात्र म्हणाली होती, "पोरी, बाकीचं मला ठाऊक नाही, पण मासळीला कधी कमी पडायचं नाही."

आईचं एवढंच भाकीत साफ चुकलं. कारखान्यातल्या एका इंग्रज इंजिनियरने एका हिवाळ्यात स्टॅनलीला या तळ्यावर आणलं, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात तो येत राहिला. तळं एका अरबाच्या शेतावरचं. त्याने हौसेने त्यात कार्प सोडले होते, आपल्या रोहू-कटल्याचेच भाऊबंद. थंडीच्या दिवसांत इथे क्लबची स्पर्धा भरायची. सकाळी गळ टाकायचा, दुपारपर्यंत बसायचं, मिळेल तो मासा वजन करून पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. इतक्या वर्षांत स्टॅनलीने घरी एक खवला आणला नव्हता.

"सोडूनच द्यायचा तर जातोस कशाला?" हिल्डाने पहिल्या वर्षी विचारलं होतं. त्याला नीट सांगता आलं नाही. मग तिने विचारणं सोडलं. क्लिनिकमधल्या ॲनेटला ती गमतीने म्हणायची, "माझी सवत गोड्या पाण्यातली आहे." पण सगळीच काही गंमत नसायची. सुट्टीच्या दिवशी ती ड्यूटीवर, मुलगी ॲमंडा लहान, आणि नवरा वाळवंटात पाण्याकडे बघत बसलेला. तो दुपारी उन्हाने लाल होऊन, शांत होऊन परतायचा. त्या शांतपणाचा तिला राग यायचा. तो घरचा नव्हता, बाहेरून आणलेला होता.

तीन वर्षांपूर्वी एकदा क्लिनिकच्या कॉरिडॉरमधून तो तिच्याकडे चालत येत होता. तिचा डबा विसरला होता तो द्यायला. आणि तिला दिसलं की चालताना त्याचा उजवा हात हलत नाही. डावा मागेपुढे होतोय, उजवा अंगाला चिकटून आहे. बाकी काही नव्हतं तेव्हा, थरथरही नव्हती. पण हिल्डाने आयुष्यभर माणसं चालताना पाहिली होती. डॉक्टरांनी नाव सांगितलं ते पुष्कळ नंतर. तिने ते त्या कॉरिडॉरमध्येच ऐकलं होतं.

आता मार्चमध्ये तिची नोकरी संपत होती आणि त्याचा व्हिसा तिच्यावरच होता. वसईत फ्लॅट घेऊन ठेवला होता. सामान काय न्यायचं, काय टाकायचं, सगळ्याला स्टॅनली हो म्हणत गेला. त्याने एकच गोष्ट मागितली. जानेवारीची स्पर्धा.

घाफच्या झाडाखाली माणसं जमली होती. धुक्यात त्यांचे चेहरे जवळ गेल्यावरच उगवायचे. क्लबचे दोन-तीन म्हातारे गोरे, एक फिलिपिनो जोडपं, काही मल्याळी, आणि तन्मय नावाचा पुण्याचा एक तिशीतला माणूस. तो अबुधाबीत बँकेत होता.

"अंकल! आलात! मला वाटलं या वर्षी येताय की नाही. आणि या आंटी का? आंटी, तुम्ही खरंच आहात तर! आम्हाला वाटायचं अंकल नुसत्या थापा मारतात."

"थापा? काय सांगतो हा माझ्याबद्दल?"

"सांगतात की माझी बायको इतकी कडक आहे, की तिच्यापुढे डॉक्टर उभे राहून बोलतात."

सगळे हसले. स्टॅनलीही मोकळेपणी हसला. घरी हसतो त्यापेक्षा हे हसणं मोठं होतं. हिल्डाने त्याच्याकडे नव्याने पाहिलं. इथे हा थापा मारतो. इथे हा लोकांना हसवतो.

तळ्याची देखभाल करणारा अर्सलान कापडी पिशवी घेऊन फिरत होता. पन्नाशीचा, दाढी मेंदीने रंगवलेली, डोक्याला लोकरी टोपी. पिशवीत लाकडी चकत्या होत्या, चकतीवरच्या नंबरची जागा आपली. प्रत्येक जण हात घालून चकती काढत होता. स्टॅनलीपाशी आल्यावर अर्सलाननेच हात घालून एक चकती बाहेर काढली.

"चाचा, आपकी मैं निकाल देता हूँ. एक नंबर. किस्मत देखो आपकी!"

एक नंबरची जागा झाडापासून हाकेच्या अंतरावर होती. वाट सपाट, काठाला लाकडी फळ्या ठोकलेल्या. हिल्डाला हायसं वाटलं. बाकीचे पाठीवर सामान घेऊन धुक्यात विरघळत गेले. थोडा वेळ त्यांची बोलणी ऐकू आली, मग पावलं, मग काहीच नाही.

शिट्टी वाजली. स्पर्धा सुरू झाली असं म्हणायचं, पण सुरू झालेलं काही दिसत नव्हतं. समोर पाणी होतं की आकाश होतं हे कळत नव्हतं. लव्हाळ्याचे चार काळे तुरे तेवढे हवेत रेघा ओढल्यासारखे उभे होते.

स्टॅनलीने डाव्या हाताने मक्याचा एक दाणा उचलला. गरीला लावायला उजवा हात बाहेर काढला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, गोळी वळावी तशी, न थांबता. दाणा पडला. दुसरा उचलला. तोही पडला. हिल्डाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिसरा दाणा गरीत शिरला.

"एकच दाणा?" ती उगाच म्हणाली.

"थंडीत मासा जास्त खात नाही. जड झालेला असतो. त्याला ताट वाढलं तर तो तोंड फिरवतो. एकच दाणा, तोंडाशी."

त्याने काठी फिरवली. दोरी धुक्यात गेली आणि मासा लागला की बुडणारा, लाल टोकाचा छोटा फ्लोट कुठेतरी बसला. पाण्यावर बसला असणार, पण दिसत होता अधांतरी. त्या सगळ्या पांढऱ्यात तेवढाच एक लाल ठिपका होता. हिल्डा त्याच्याकडे बघत राहिली. आणखी बघण्यासारखं काही नव्हतंच.

किती वेळ गेला कोण जाणे. दूर कुठल्यातरी काठावर कुणीतरी खोकलं आणि ते खोकणं पाण्यावरून चालत आल्यासारखं अगदी जवळ येऊन पोचलं. एक बगळा त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा होता. तो कधी आला ते दोघांनी पाहिलं नव्हतं. हिल्डाने थर्मासमधला चहा ओतला, स्टॅनलीचा कप अर्धाच भरला. त्याने कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि घेतला.

"स्टॅनली."

"हं."

"इतकी वर्षं इथे बसून काय विचार करायचास?"

"विचार कसला? फ्लोटकडे बघायचं. मग भूक लागते. सँडविच खायचं. परत बघायचं."

"बस?"

"बस." मग फ्लोटवरची नजर न काढता तो म्हणाला, "पप्पांच्या होडीत मला खालचं पाणी कधी उभं दिसलंच नाही. सारखं हलायचं. मी कडेला ओकायचो नि पप्पा तिकडे तोंड करून बसायचे. इथे पहिल्यांदा आलो ना, तेव्हा हे असंच होतं. धुकं. पाणी जागचं हलत नव्हतं. मला वाटलं, हां, एवढं मला जमेल."

इतक्या वर्षांत त्याने हे तिला सांगितलं नव्हतं. किंवा तो सांगायला आला असेल तेव्हा ती ड्यूटीवरून येऊन झोपलेली असेल.

"पप्पा बघायला असते तर हसले असते," तो पुढे म्हणाला. "कोळ्याचा पोर मासा पकडतो नि गालगुच्चा घेऊन सोडून देतो."

ती हसली. फ्लोटकडे बघता बघता तिचे डोळे जड झाले. जाग आणि झोप यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी ती गेली. तिथे घरामागचं बावखल होतं, कडेला पाण्यात वाकलेली केळ, आणि बाबा रहाटाच्या बैलाशी बोलत होते. ती पायरीवर बसून पाय पाण्यात हलवत होती. पायांना काहीतरी गुळगुळीत, थंड चाटून जात होतं. ती घाबरत नव्हती. कुणीतरी तिला हाक मारत होतं, खूप हळू, लांबून.

"हिल्डा. हिल्डा."

तिने डोळे उघडले. धुकं वर सरकलं होतं. तळं केवढं मोठं होतं ते आत्ता कळत होतं. पलीकडचा काठ, वाळूची पिवळट टेकडी, छत्र्यांखाली बसलेली बारीक माणसं. ऊन फिकट, दुधात घोळवलेलं. आणि लाल ठिपका नव्हता.

काठी स्टॅनलीच्या डाव्या हातात वाकून कमान झाली होती. रिळातून दोरी बाहेर धावत होती, करकर, करकर, थांबायचं नाव नाही.

"मोठा आहे," स्टॅनली कुजबुजला. "खूप मोठा आहे."

तो उठून उभा राहिला होता. डाव्या हातात काठी घट्ट होती, पाय फळीवर रोवलेले. मासा थांबला. आता रीळ फिरवायची वेळ होती. त्याचा उजवा हात रिळाच्या दांडीकडे निघाला. पोचला. बोटं दांडीवर बसली आणि तिथेच राहिली. दांडी फिरेना. हाताला वाट सापडत नव्हती. हिल्डाला ते माहीत होतं. शर्टाच्या गुंड्यांशी, दाराच्या किल्लीशी ती हे रोज सकाळी पाहत होती. बोटं आपली असतात, हुकूमही आपणच देतो, मधल्या मध्ये कुठेतरी तो हरवतो.

दोरी सैल पडली. मासा काठाकडे येत होता. सैल दोरीत तो गरी झटकून टाकणार, हे हिल्डालाही कळलं.

"अंकल! दोरी गोळा करा! रीळ, रीळ!" दोन नंबरच्या जागेवरून तन्मय ओरडला आणि आपली काठी टाकून धावत आला. "थांबा, मी..."

तो आला आणि थबकला. स्टॅनलीचा हात दांडीवर थरथरत होता. आता तो खांद्यापासून थरथरत होता आणि त्याच्यासोबत काठीचं टोकही. लपवायला कुठे जागाच नव्हती.

हिल्डाचे हात अजून तिच्याच मांडीवर होते. त्याने सांगितलं होतं म्हणून. आयुष्यात इतकं अवघड काम तिने कुठल्या वॉर्डात केलं नव्हतं.

"मला पार्किन्सन्स आहे, तन्मय," स्टॅनली म्हणाला. आवाज अगदी साधा होता, मला दोन चमचे साखर लागते म्हणावं तसा. "दोन वर्षं झाली. हा हात आता ऐकत नाही." मग मान वळवून म्हणाला, "हिल्डा, तू घे."

"मी?"

"घे. पटकन. डाव्या हातात काठी, उजव्याने रीळ."

"अरे, पण स्पर्धेत चालतं का दुसऱ्याने..."

"नाही चालत. घे."

तिने काठी घेतली. घेताक्षणी पाण्याखालून कुणीतरी तिचा हात धरून ओढला. ती दोन पावलं पुढे गेली. हे वजन नव्हतं. वजन तिने पुष्कळ उचललं होतं, माणसं एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर घेतली होती. हे जिवंत होतं आणि ते तिला दोरीतून ओळखत होतं. ती घाबरली की त्याला कळत होतं.

"टोक वर ठेव. ओढू नकोस. जाऊ दे त्याला."

"जाऊ दे? मग येईल कसा?"

"दमला की येईल. त्याला वाटू दे की तो जातोय. आता फिरव. फिरव, फिरव... थांब. गेला, जाऊ दे."

करकर, करकर. दोरी पुन्हा बाहेर गेली. हिल्डाचे खांदे भरून आले. टाचा फळीच्या फटीत अडकल्या, तिने बूट काढून फेकले आणि अनवाणी उभी राहिली. फोन खिशात वाजत होता, ॲमंडाचा असणार. वाजून थांबला. आजूबाजूला माणसं जमत होती ते तिला दिसत नव्हतं. तिला फक्त दोरी पाण्यात जिथे शिरते ती जागा दिसत होती आणि कानाशी स्टॅनलीचा आवाज येत होता. तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता. चढत नव्हता, घाबरत नव्हता, त्याला सगळा वेळ होता. हाच तो शांतपणा. तो घरी घेऊन यायचा तो. तो इथे असा तयार व्हायचा तर.

"आता येतोय बघ. दमलाय. मी जाळं घेतो."

"अंकल, जाळं मी धरतो," तन्मय पुढे झाला.

"नको रे. माझं आहे."

स्टॅनली फळीवर गुडघे टेकून बसला. त्याला खाली बसायला वेळ लागला. एक गुडघा, मग हात, मग दुसरा गुडघा. कुणी मदतीला पुढे आलं नाही, कारण तन्मयने हात आडवा करून मागच्यांना थांबवलं होतं. जाळ्याचा लांब दांडा स्टॅनलीने काखेत दाबला आणि गोल तोंड पाण्यात बुडवलं. जाळं थरथरत होतं. पाणी वरखाली होत होतं.

आणि मग पाण्याखालून तो वर आला. आधी नुसता पितळी उजेड, मग पाठ, मग रुपयाएवढे खवले, तोंडाच्या कडेला दोन जाड मिश्या. त्याने एकदाच हवा गिळली. हिल्डाच्या तोंडून "अगो बाय" निघालं. हे गासचं होतं, बऱ्याच वर्षांत बाहेर आलं नव्हतं.

"मागे हो, एक पाऊल. टोक वर. बस."

मासा जाळ्यावर आला आणि स्टॅनलीने जाळं उचललं. उचललं म्हणजे सगळ्या अंगाने, काखेने, मानेने, दातओठ खाऊन. मासा जाळ्यात बसला.

टाळ्या वाजल्या. क्लबचा गोरा सेक्रेटरी "वेल डन, स्टॅन!" म्हणत आला. मासा ओल्या मॅटवर ठेवला. गरीला उलटा दात नव्हता, ती तन्मयने सहज काढली. अर्सलानने माशाला पिशवीत घालून वजनकाट्याला टांगलं आणि डोळे मोठे केले.

"ग्यारह किलो के ऊपर! चाचा, आज तक का सबसे बड़ा है इस तालाब का. शील्ड आपकी!"

"नहीं," स्टॅनली म्हणाला. तो अजून खालीच बसला होता. "मेरा नहीं. पकड़ा इसने है. मेमसाब ने. मुक़ाबले में मत गिनो."

"अरे चाचा," अर्सलान वाकला, आवाज खाली केला, "मैं तो उधर था. मैंने कुछ देखा नहीं. इन लोगों ने भी नहीं देखा. लिख दूँ?"

"एक नंबर भी तुम ही निकालते हो मेरे लिए," स्टॅनली म्हणाला. "दो साल से. हाथ में पहले से छुपा के. मुझे क्या मालूम नहीं?"

अर्सलानने टोपी काढली आणि पुन्हा घातली. तो तळ्याकडे बघू लागला. तन्मयही दुसरीकडे बघू लागला. मल्याळ्यांपैकी एकाने बुटाच्या टोकाने खडी उकरली. हिल्डाच्या लक्षात आलं की इथे सगळ्यांना माहीत होतं. कपातून सांडणारा चहा, पडणारे दाणे, खिशातला हात. गेला पूर्ण हिवाळा आणि त्याच्या आधीचाही, या माणसांनी ते पाहिलं होतं आणि स्टॅनलीला लपवायचंय म्हणून लपू दिलं होतं.

"आपकी ही जगह है वो," अर्सलान शेवटी म्हणाला. "अगले साल भी."

"अगले साल हम लोग नहीं हैं, भाई. मार्च में खलास. वापस जा रहे हैं."

मग सेक्रेटरीने स्टॅनलीच्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि म्हणाला की माशाला फार वेळ बाहेर ठेवू नये. हे त्याने बरं केलं. सगळ्यांना काहीतरी करायला मिळालं.

"मी सोडतो," स्टॅनली म्हणाला.

काठाशी उथळ पाणी होतं. फळीच्या टोकाला तो पाण्यावर वाकला. हिल्डाने विचारलं नाही, तिने त्याच्या जॅकेटच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. त्याने सारू दिल्या. अर्सलानने पिशवी पाण्यात उतरवली आणि हलकेच काढून घेतली. मासा स्टॅनलीच्या हातांत राहिला. एक हात पोटाखाली, दुसरा शेपटीजवळ.

"दम लागलेला असतो त्याला," तो हिल्डाला म्हणाला. "एकदम सोडला तर उताणा होतो. सरळ धरून ठेवायचा. त्याला वाटेल तेव्हा तो जाईल."

माणसं एकेक करून आपापल्या जागेवर परतली. स्पर्धेचा शेवटचा थोडा वेळ उरला होता. तन्मय जाताना हिल्डाचे बूट फळीवर नीट मांडून गेला.

पाणी गार होतं. ऊन आता खरं झालं होतं आणि उथळ पाण्यातून सरळ तळाच्या वाळूवर पडत होतं. स्टॅनलीचे दोन्ही हात स्वच्छ दिसत होते. हिल्डा त्यांच्याकडे बघत होती. ते हलत नव्हते. उजवाही नाही. काही धरलेलं असलं की हात कधी कधी असा थांबतो, हे तिने नवशिकी नर्स असताना वाचलं होतं आणि पेशंटच्या नातेवाइकांना समजावूनही सांगितलं होतं. तरी ती बघत राहिली. माशाच्या कल्ल्यांची झापडं उघडत होती, मिटत होती. स्टॅनलीचा श्वासही तसाच चालला होता.

मग माशाने शेपूट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली. घाई नव्हती. तो त्याच्या तळहातांवरून सरकला, सावली झाला, आणि जिथे पाणी हिरवं होत जातं तिथे दिसेनासा झाला.

स्टॅनलीने हात काढले नाहीत. ते तसेच पाण्यात होते, उघडे, अजून काही धरल्यासारखे. थोड्या वेळाने उजव्या मनगटाभोवती बारीक लाटा उठू लागल्या. एक, मग तिच्यामागे दुसरी. त्या काठापासून सुटून तळ्यात आत आत जात राहिल्या. हिल्डा टॉवेल घेऊन त्याच्या शेजारी फळीवर बसली आणि तो हात काढेपर्यंत बसून राहिली.